पाहुण्यांना गाव दाखवा

घरी आलेल्या पाहुण्याला गाव हिंडून दाखवावे, ही आपली जुनी रीत. संमेलनांच्या आणि अधिवेशनांच्या धामधुमीत मात्र तिचा विसर पडतो. निवासापासून मांडवापर्यंत आणि मांडवापासून भोजनगृहापर्यंत, एवढीच पाहुण्यांची यात्रा घडते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा भरले : १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाचा विषय निघाला की उद्घाटकांच्या निमंत्रणाचा वाद तेवढा आठवतो. ज्या गावाने पाहुणचार केला ते गाव आठवत नाही.

‘यवतमाळात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न पाहुण्यांपेक्षा यवतमाळकरच अधिक विचारतात, हे दुर्दैव होय. जमिनीच्या पातळीखाली उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते तो कळंबचा चिंतामणी येथून जवळच आहे. वणी ही लोकनायक बापूजी अणे यांची जन्मभूमी. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी कायदेभंग केला. हेच बापूजी १९२८ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मांडवात बसलेल्या किती रसिकांना ठाऊक असेल? महानुभाव वाङ्मयाचे संशोधक डॉ. य. खु. देशपांडे यांचा शारदाश्रमही याच गावचा.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर झाले. ते दुःख पाहुण्यांपासून झाकून ठेवण्याचे कारण नाही. परदेशी कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेला मूर्तिजापूर-यवतमाळ हा ‘शकुंतले’चा अरुंद लोहमार्ग त्यांना अवश्य दाखवावा. गाडी आता धावत नाही. परंतु ज्या पिकासाठी खास लोहमार्ग टाकला गेला, ते पिकविणारा कर्जात का बुडाला, हा प्रश्न त्या रुळांपाशी उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहणार नाही.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. स्वागत समिती, भोजन समिती असते तशी एक स्थलदर्शन समितीही असावी. इतिहासाच्या शिक्षकांनी सोळा पानांची पुस्तिका लिहावी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वाटाड्याचे काम करावे आणि कार्यक्रमपत्रिकेत अर्ध्या दिवसाची मोकळीक ठेवावी. एखादा परिसंवाद कमी झाल्याने साहित्याची हानी होईल असे वाटत नाही.

पाहुणे तीन दिवसांनी परत जातील. ती पुस्तिका मात्र येथील शाळांत राहील आणि गावाची माहिती झालेले विद्यार्थीही येथेच राहतील. पाहुण्यांच्या निमित्ताने आपणच आपले गाव पाहिले, तर संमेलनाचा तो लाभ काही लहान नव्हे.