आधी पगारपत्रक वाचता येऊ द्या

आयटीआयच्या मुलांना पैशाचे व्यवहार आणि नोकरीची तयारी शिकवणाऱ्या स्वयंसेवकांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. गरिबाच्या हातात पैसाच नसतो, त्याला व्यवस्थापन काय शिकवता? पगार वाढवा, ठेकेदारी आवरा, कर्जाच्या ॲप्सना वेसण घाला; वर्ग घेऊन गरिबीचं खापर गरिबाच्याच डोक्यावर फोडू नका. आक्षेप घेणारे तळमळीने बोलतात आणि त्यांच्या मागण्या रास्तच आहेत. पण म्हणून वर्ग बंद करा, हे मला मुळीच पटत नाही.

कायद्याबरोबर कागदही वाचता यावा लागतो, हे जुन्या अनुभवातून दिसतं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या काढून जाळण्यासाठी. त्या कागदावर काय लिहिलंय, हे अंगठा उठवणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यांची नोंदणी, पावती आणि हिशेब देणं सावकारावर बंधनकारक केलं. मोठंच काम झालं. पण हातात पडलेली पावती वाचायला पुन्हा दुसऱ्याकडेच जावं लागत असेल, तर तो हक्क निम्माच राहतो.

आजचा तसाच कागद म्हणजे पगारपत्रक. ठेकेदाराकडे लागलेल्या एखाद्या फिटरचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १०,००० रुपये धरू. पीएफसाठी त्याचे १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये कापायचे. तेवढेच मालकाने आपल्या पदरचे घालायचे. स्लिपवर कपात २,४०० दिसली, तर मालकाचा वाटाही पोराच्याच पगारातून गेला. हे बेकायदा आहे, आणि कायदा १९५२ पासून आहे. पण ‘पीएफ कापतात’ एवढंच ऐकून असलेल्या मुलाला तो आकडा खटकणार कसा? यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक मागून घ्यावा, पासबुकात भरणा झालाय का ते पाहावं, नोकरी बदलताना खातं नव्या जागी वळतं करावं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पीएफबरोबरच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. मध्येच सगळे पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

अशा वर्गांचा उपयोगच होत नाही, हा दुसरा आक्षेप अभ्यासाच्या आधाराने येतो. २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर या संशोधकांनी २०१ अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.१ टक्का फरकाचा संबंध अशा शिक्षणाशी लागतो, असं त्यांना दिसलं. हा आकडा सगळे सांगतात. शिकवलेलं काळाबरोबर विरतं, म्हणून निर्णयाची वेळ येईल तेव्हाच शिकवावं, हे त्याच निबंधातलं म्हणणं मात्र कोणी सांगत नाही. पुढे २०२२ मध्ये कैसर, लुसार्डी, मेंखॉफ आणि अर्बन यांनी ७६ यादृच्छिक प्रयोग पाहिले, तेव्हा ज्ञानावर आणि वागण्यावरही चांगला परिणाम आढळला. नववीच्या वर्गात ‘बचत करा’ म्हणून निघून जाणारे तास वाया जातात, हे मलाही मान्य आहे. पण दुचाकीच्या कर्जावर सही करायच्या आठवड्यात ‘१२ टक्के फ्लॅट’ची फोड करून दाखवली, तर मुलं कान टवकारतात. वर्षभरात फेडायच्या ५०,००० रुपयांवर व्याज ६,०००, हप्ता ४,६६७. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

काही ‘स्वयंसेवक’ तास संपताच विम्याचे फॉर्म वाटतात. त्यांना फाटकाच्या आत घेऊच नये.

पण निवृत्त बँक कर्मचारी, कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केलेली बाई, कामगार संघटनेचा जुना कार्यकर्ता यांच्याजवळ जे आहे ते कुठल्याच क्रमिक पुस्तकात नाही. नेमणूकपत्र लेखी मागायचं, मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायची नाहीत, नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं, हे त्यांच्याइतकं ठामपणे कोण सांगेल? संस्थांनी शेवटच्या सत्रात त्यांना वेळ द्यावा. आणि मुलं कामाला लागल्यावर, पहिला पगार झाल्यानंतरच्या रविवारी, या मुलांना पुन्हा बोलवावं. येताना प्रत्येकाने आपली पगाराची स्लिप आणावी.