पांझरेकाठचा धडा

‘शाश्वत विकास’ हा शब्द आज जागतिक परिषदांतून घुमतो आहे. परंतु त्यामागील शास्त्र साक्री तालुक्याला नवे नाही. पिंपळनेरच्या डोंगररांगांतून उतरणाऱ्या पांझरेवर आपल्या पूर्वजांनी बंधारे घातले आणि त्यांवर फड पद्धती उभी केली. बंधाऱ्याखालच्या शेतीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढे ते पालटायचे आणि पाणी तुटले तर ती तूट सर्वांनी सोसायची, असा दंडक होता. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी आणि पाटाच्या दुरुस्तीला गाव एकत्र येई. बंधारा बांधणे आणि तो सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे कोणी मानले नाही. म्हणूनच ही व्यवस्था शतकानुशतके टिकली.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. आरंभीच्याच कामगिरीत त्यांनी ऐन पावसाळ्यात याच खोऱ्यात, दातर्ती येथे, पाटाच्या पाण्यासाठी नळांचे सायफन बांधले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी सुचविलेल्या ब्लॉक पद्धतीतही पिकांची फेरपालट आणि अधिक गावांना पाणी हीच सूत्रे होती. थोर अभियंत्याची प्रज्ञा आणि निरक्षर पाटकऱ्याचा अनुभव एकाच निष्कर्षाला पोचले, हे लक्षणीय आहे.

मग फड मोडकळीस का आले? नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी-विहिरींवर पंप बसले आणि पाणी ‘आपले’ न राहता ‘माझे’ झाले. दोष यंत्राचा नव्हे. यंत्र आले, पण त्यासोबत यावयाची शिस्त आली नाही. आता गावोगाव सौर पंप येत आहेत. त्यांचे स्वागतच आहे. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, हे भूषणावहच होय. परंतु सूर्य वीजबिल पाठवीत नाही. उपशाला गावानेच मर्यादा घातली नाही, तर हेच वरदान भूजलाचा घास घेईल.

ती मर्यादा घालता येते, हे बारीपाड्याने दाखविले आहे. वनवासी कल्याण आश्रमाच्या प्रेरणेने चैत्राम पवार आणि त्यांच्या ग्रामबांधवांनी जंगल राखले, चर खोदले, दगडी बांध घातले आणि स्वतःच केलेले नियम स्वतः पाळले. २०२५ च्या पद्मश्रीने या सामूहिक तपश्चर्येचा गौरव झाला. तेथील तंत्र साधे आहे. असामान्य आहे तो समाजाचा निर्धार.

सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देणारा कायदा महाराष्ट्रात २००५ सालीच झाला. कागदावरील त्या अधिकारात प्राण फुंकण्याचे काम समाजाचे आहे. धुळे-शिरपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी पांझरेचे जुने बंधारे पाहावेत, मोजावेत, त्यांचे नकाशे करावेत; कार्यकर्त्यांनी गावे एकत्र बसवावीत. अभियंता बंधारा बांधू शकतो, परंतु तो टिकवितो तो गाव.