डोस्कं उठलंय, दात नाही

दिंद्रुडच्या कुठल्याही टपरीवर सकाळी सातला उभं राहा, 'डोस्कं उठलंय' म्हणणारा एक तरी भेटतोच. निदानही चहा उकळायच्या आत तयार असतं. पित्त झालंय, ऊन लागलंय, चष्म्याचा नंबर काढ. मग बाम, मेडिकलवरची गोळी, बायकांत मिसरीचं बोट. दातांच्या डॉक्टरकडे जा, असं मी म्हणालो तर लोक हसले. 'दात कुठं दुखतोय?' त्या हसण्याला हे उत्तर.

आधी पित्ताचं. ज्याला आपण पित्ताचं डोकं म्हणतो त्यात बहुधा मळमळतं, उजेड नको वाटतो, पुष्कळदा एकच बाजू ठणकते. पण रोज सकाळी उठणारं डोस्कं झोपेत श्वास अडकण्याचंही असू शकतं, आणि ते वेगळं. डोळे उघडतानाच दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, फेटा घट्ट बसावा तसं. मळमळ सहसा नाही. आणि चारेक तासांत आपोआप उतरतं. सकाळी आठला घेतलेल्या गोळीला दहा वाजता फुकटचं श्रेय मिळतं! रोज गोळी खाण्याची सवय लागली की गोळीच डोकेदुखी धरून ठेवते, ते आणखी निराळं.

दुसरा आक्षेप जास्त जुना: घोरतो म्हणजे गाढ झोपतो. माझे एक मामा ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. कोपीत त्यांच्या शेजारी कोणी अंथरूण टाकत नसे. मामी एकदा म्हणाल्या, "घोरण्याचं काय न्हाई, ते मधीच थांबतंय, तवा भ्याव वाटतंय." सगळं निदान त्या एका वाक्यात होतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते, वाट बंद होते. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, शरीर धडपडून अर्धवट जागं होतं. असे अडथळे तासाला पाच किंवा जास्त आले तर स्लीप ॲप्निया धरतात. डोकं नेमकं कशानं दुखतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण झोप मोडते, रक्तदाब चढतो आणि दिवसा डुलकी लागते, यावर वाद नाही. ही डुलकी उसाच्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर लागली तर काय होईल, ते सांगायला नको.

मामा दाढ काढायला गेले. दंतवैद्यानं दाढेआधी दिवा घशात टाकला. दात घासून सपाट झालेले, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, जिभेमागं पडजीभही दिसेना. घशाची ही पाहणी मूळची भूलतज्ज्ञांची. शेषगिरी मल्लमपती यांनी 1985 साली ती मांडली, श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल का हे ओळखायला. मग दंतवैद्यानं टेप लावून मामांचा गळा मोजला. चाळीस सेंटिमीटरच्या वर. शेवटी विचारलं, "मामा, झोप कशीय?" इतकी वर्षं मामांना डोस्क्यावर गोळ्या देणाऱ्यांपैकी कोणी हे विचारलंच नव्हतं. माणूस तोंड उघडून, मान मागं टाकून, भर उजेडात पडलेला दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला रोज दिसतो?

आता आमच्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींचे कान उपटायला हवेत. दात घासलेले दिसले की ॲप्निया ठरवून तोंडात बसवायचं साधन गळ्यात मारणं हे वैद्यक नव्हे. झोपेची तपासणी हवी, आणि निदान फिजिशियननं करायला हवं. अमेरिकेतल्या झोपवैद्यक आणि दंत-झोपवैद्यक संस्थांनी 2015 साली मिळून तेच सांगितलं: ज्याला झोपेत नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन सोसत नाही किंवा दुसरा उपाय हवा आहे, त्याला डॉक्टरच्या सल्ल्यानं दंतवैद्यानं मापाचं साधन बसवावं आणि पुन्हा तपासणी व्हावी. आजार तीव्र असेल तर पहिला मान कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये पुढं आणलेल्या सीपॅप मशीनचाच. आणि अचानक कवटी फुटेल असं दुखलं, हात किंवा पाय लुळा पडला, तर दातांची खुर्ची नको, थेट दवाखाना गाठा.

साधन तसं साधं आहे. वरच्या-खालच्या दातांवर बसतं, खालचा जबडा काही मिलिमीटर पुढं धरतं, जीभही त्याबरोबर पुढं येते. वीज लागत नाही. कोपीत राहणाऱ्याला ही मोठीच गोष्ट. पण जबडा दुखू शकतो, वर्षानुवर्षं वापरून दातांची ठेवण सरकू शकते, डोकेदुखी जाईलच याची हमी नाही. शिवाय ते टेकवायला दात घट्ट लागतात, आणि आमच्याकडं मिसरी-तंबाखूनं हिरड्यांची जी दशा करून ठेवलीय! गुटख्यानं तर तोंडच उघडत नाही.

अंबाजोगाईला दाखवल्यावर मामांचा आजार मध्यम निघाला. घरी मशीन चालतं, पण हंगामात कोपीत लाइट कुठली? म्हणून साधन हवंय. दंतवैद्य म्हणतात, आधी तंबाखू सोडा, हिरड्या धरू द्या. मामा म्हणतात, आधी साधन द्या, मग बघू. दिवाळी जवळ आली, टोळी निघायचीय, आणि दाढ अजून जागेवरच आहे.