शेवटच्या नंबरावरचा अल्बम

ड्रीम थिएटरच्या पहिल्या पाच अल्बमची क्रमवारी तुम्हाला पाठ असेल. अल्बम ऐकले नसतील तरी क्रमवारी पाठ असेल. वर 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' आणि 'इमेजेस अँड वर्ड्स' (या दोघांत पहिलं कोण, यावर लोक रात्री जागवतात), तिसरा 'अवेक', मग बरंच अंतर सोडून पहिलावहिला 'व्हेन ड्रीम अँड डे युनाइट' आणि अगदी तळाला 'फॉलिंग इंटू इन्फिनिटी'. कधीमधी शेवटचे दोघं जागा बदलतात. तेवढीच काय ती क्रांती.

गेली पंचवीस वर्षं ही यादी पाढ्यांसारखी म्हटली जातेय. नवा पोरगा येतो, दोन अल्बम ऐकतो, यादी वाचतो आणि खालचे ऐकायच्या आधीच त्यांच्यावर मत देऊ लागतो. ही क्रमवारी संगीताची नाहीच, असं माझं म्हणणं आहे. ती एका गोष्टीची क्रमवारी आहे. गोष्ट चांगली आहे म्हणून कुणी तपासून बघत नाही.

गोष्ट अशी. १९८५मध्ये बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात जॉन पेट्रुची, जॉन म्यंग आणि माइक पोर्टनॉय भेटतात आणि 'मॅजेस्टी' नावाचा बँड काढतात. पुढे नाव बदलतं. १९८९मध्ये पहिला अल्बम येतो. गायक चार्ली डॉमिनिची, कंपनी ढिम्म, अल्बम कुणाला कळतही नाही. मग कॅनडाचा जेम्स लाब्री गायक म्हणून येतो, १९९२मध्ये 'इमेजेस अँड वर्ड्स' निघतो आणि आठ मिनिटांचं 'पुल मी अंडर' चक्क एमटीव्हीवर वाजतं. १९९४मध्ये 'अवेक' आणि त्यासोबत कीबोर्डवाल्या केविन मूरची एक्झिट. १९९७मध्ये कंपनी हात पिरगाळते, बाहेरून गीतकार आणते, डबल अल्बमचा सिंगल करायला लावते. हा आपल्या नायकांचा मध्यंतरापूर्वीचा पराभव. मग १९९९मध्ये पेट्रुची आणि पोर्टनॉय सूत्रं हातात घेतात, अल्बम स्वतः प्रोड्यूस करतात आणि 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' जन्माला येतो. टाळ्या, शिट्ट्या, पडदा.

खलनायक आहे, अपमान आहे, पुनरागमन आहे. अशा गोष्टीत १९९७चा अल्बम वाईट असावाच लागतो. तो बरा निघाला तर सिनेमाच कोसळेल.

आता तपशील बघू. कंपनीनं लुडबुड केली म्हणून 'फॉलिंग'चे मार्क कापायचे असतील तर 'इमेजेस अँड वर्ड्स'चे का नाही कापत? त्या अल्बमचा निर्माता डेव्हिड प्रेटर. त्यानं पोर्टनॉयच्या ड्रमवर ट्रिगर लावले, म्हणजे कातडं कसंही वाजवा, ऐकू येणार आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज. हळू मारलेला आणि जोरात मारलेला स्नेअर जवळपास सारखाच. पोर्टनॉयला ते कधीच पटलं नाही, आणि त्यानं ते लपवूनही ठेवलं नाही. 'पुल मी अंडर' टीव्हीवर आलं ते कापून, जवळजवळ अर्धं करून. 'अनदर डे'मध्ये सोप्रानो सॅक्सोफोन आहे, स्पायरो जायरा या जॅझ बँडच्या जे बेकनस्टाइननं वाजवलेला, गुळगुळीत, रात्री अकराच्या रेडिओला शोभेलसा. हेच गाणं जसंच्या तसं 'फॉलिंग'वर असतं तर आज त्याच्या नावानं शिमगा झाला असता. पण ते लाडक्या अल्बमवर आहे, म्हणून त्याला 'हळवी बाजू' म्हणायचं.

उलट बाजूनं बघा. 'फॉलिंग'चा निर्माता केविन शर्ली हा गोष्टीतला दुय्यम खलनायक, गाणी छाटणारा. 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'चं मिक्सिंग कुणी केलं? आधी डेव्हिड बॉट्रिलनं, आणि मग पुन्हा त्याच केविन शर्लीनं. २००८मध्ये बँडनं निवडक गाण्यांचा संग्रह काढला, त्यात 'इमेजेस'मधल्या गाण्यांवरचे ते ट्रिगरवाले ड्रम काढून नवं मिक्स करायला कुणाला दिलं? शर्लीलाच. बँडला हा माणूस चालतो. राग फक्त आपल्या पोटात शिल्लक आहे.

याहून मोठी गंमत पुढे आहे. १९९६मध्ये 'फॉलिंग'ची तयारी चालू असताना बँडनं एक वीसेक मिनिटांचा डेमो केला होता. 'इमेजेस'वरच्या 'मेट्रोपोलिस'च्या नावात 'भाग १' लिहिलेलं होतं, चाहते दुसरा भाग मागत होते, तो हा दुसरा भाग. कंपनीनं जागा दिली नाही, डेमो बाजूला पडला आणि तीन वर्षांनी त्याच्यातूनच 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा अख्खा अल्बम उभा राहिला. म्हणजे पहिल्या नंबरचं बी शेवटच्या नंबराच्या वाफ्यात पडलेलं होतं. शिवाय तो डेमो १९९७मध्येच अल्बमवर बसला असता तर वीस मिनिटांत विषय संपला असता. कंपनीच्या 'नाही'मुळे त्याला वाढायला तीन वर्षं मिळाली. हे मी कंपनीच्या प्रेमापोटी म्हणत नाही. पण उपकार कधी कधी चुकीच्या माणसाकडून होतात आणि ते मोजावे लागतात.

बरं, 'यू नॉट मी' वाईट आहे का? आहे. पेट्रुचीच्या गाण्यावर बॉन जोव्ही आणि एरोस्मिथचे हिट लिहिणाऱ्या डेस्मंड चाइल्डला बसवलं, आणि गाणं ना इकडचं राहिलं ना तिकडचं. 'टेक अवे माय पेन' पेट्रुचीनं वडिलांच्या मृत्यूवर लिहिलंय. डेमोत ते साधं आणि जड आहे, अल्बमवर त्याला उगाच सुट्टीच्या दिवसासारखा हलका ठेका दिलाय. ही चूक आहे आणि ती ऐकू येते. दोन गाणी झाली. अकरापैकी उरलेल्या नऊचं काय?

'लाइन्स इन द सँड' बारा मिनिटांचं आहे आणि त्यात किंग्ज एक्सचा डग पिनिक येऊन असा गातो की लाब्रीचा स्वच्छ आवाज त्याच्या शेजारी अचानक जिवंत वाटायला लागतो. त्यातला पेट्रुचीचा सोलो ऐका. घाई नाही. एक स्वर घेतो, त्याला वाकवतो, थांबतो, मग दुसरा घेतो. 'ट्रायल ऑफ टिअर्स' तेरा मिनिटांचं, शब्द म्यंगचे. मुलाखतीत सहसा गप्प बसणाऱ्या माणसानं लिहिलेलं, आणि तसंच बांधलेलं. कंपनीनं या बँडला तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांत कोंबलं म्हणणाऱ्यांनी ही दोन मापं जरा बाजूला मांडून ठेवावीत. 'पेरुव्हियन स्काइज' अंधाऱ्या, हळू चालीत सुरू होतं आणि शेवटी सगळं अंगावर येतं. आणि 'हॉलो इयर्स'. २००४च्या बुडोकानच्या मैफिलीत पेट्रुचीनं त्याआधी जो लांब सोलो वाजवला त्याचा व्हिडिओ तुम्ही एकमेकांना पाठवता, खाली रडण्याचे इमोजी टाकता, आणि दुसऱ्या दिवशी ते गाणं ज्या अल्बमचं आहे त्याला यादीत तळाला बसवता. यात कुणालाच काही खटकत नाही?

गोष्टीइतकाच दुसरा एक निकष या यादीत लपलेला आहे, तो म्हणजे कसरत. 'सीन्स'वर 'द डान्स ऑफ इटर्निटी' नावाचा सहा मिनिटांचा तुकडा आहे, त्यात शंभरावर वेळा ताल बदलतो. तो वाजवणं अवघडच आहे. पण चाहत्यांच्या भांडणात हा आकडा पुराव्यासारखा फेकला जातो, जणू शंभर बदल म्हणजे शंभर मार्क. ज्या मुलखात गल्लीतला तबल्याचा क्लास सात मात्रांचा रूपक पहिल्या वर्षात शिकवतो, तिथल्या पोरांनी सात-अष्टमांश ऐकून डोळे विस्फारावेत याचं मला नेहमी हसू येतं. आपल्याकडे हे भांडण जुनं आहे. तानांच्या भेंडोळ्या उलगडणाऱ्याला टाळ्या पडतात, विलंबित मांडणारा गात असतो तेव्हा लोक चहाला उठतात. पण निदान आपल्याकडे त्या टाळ्यांना कुणी समजदारी म्हणत नाही.

या निकषाची सर्वांत मोठी किंमत मोजतो 'अवेक'. त्याला सगळे आदरानं तिसरा नंबर देतात आणि पुढे जातात. माझ्या मते या बँडनं केलेला तो सर्वांत खरा अल्बम आहे. 'द मिरर'मध्ये पोर्टनॉय स्वतःच्या दारूशी बोलतोय. पेट्रुचीची सात तारांची गिटार खाली खाली उतरत जाते. आणि शेवटी 'स्पेस-डाय व्हेस्ट' येतं. ते मूरचं एकट्याचं गाणं आहे. बराच वेळ फक्त पियानो आणि कुठूनतरी उचललेले बोलण्याचे तुकडे. जगातल्या सर्वांत वेगवान हातांपैकी काही त्या खोलीत होते आणि ते हात बांधून बसले. अल्बमचं मिक्सिंग चालू असतानाच मूरनं आपण जातोय असं सांगितलं. तो गेला आणि पुढची वीस वर्षं बँडनं हे गाणं मंचावर वाजवलंच नाही. २०१४मध्ये वाजवलं.

मूरच्या जागी आधी डेरेक शेरिनियन आला, मग जॉर्डन रूडेस. दोघंही मूरपेक्षा जास्त वाजवतात. मूर मात्र इतरांना कमी वाजवायला लावत होता. बँडच्या इतिहासाची रेघ कंपनीपाशी नाही, इथं पडलेली आहे. १९९७ आणि १९९९ हे रेघेच्या एकाच बाजूचे अल्बम आहेत, भावंडंच. एक लाडकं, एक नावडतं.

'नुसती यादीच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं,' असं कुणी म्हणेल. मनावर बँडनं घेतलं. 'सीन्स'ला जो जयघोष मिळाला त्याचा अर्थ त्यांनी सरळ काढला: बाहेरचा निर्माता नको. तेव्हापासून आजपर्यंत ड्रीम थिएटरचा प्रत्येक अल्बम बँडमधल्याच कुणीतरी प्रोड्यूस केलाय. २००२चा अल्बम दोन सीडींचा, त्यातलं शीर्षकगीत बेचाळीस मिनिटांचं. पोर्टनॉय २०१०मध्ये गेला, २०२३मध्ये परत आला, निर्मात्याची खुर्ची घरातच राहिली. त्यानंतरच्या अल्बममध्ये उत्तम गाणी आहेत, पण 'हा सोलो अर्धा करा' असं सांगणारा कुणी खोलीत नाही, हे जाणवतं. आणि तो नसावा ही आपलीच मागणी होती. छाटणाऱ्याला आपण इतक्या शिव्या घातल्या की ते काम करायला कुणी उरलंच नाही.

दुसरं नुकसान लहान आहे, पण मला त्याचाच जास्त राग येतो. कॉलेजच्या कट्ट्यावर एखादी मुलगी म्हणते, मला 'हॉलो इयर्स' आवडतं. लगेच तीन पोरं हसतात, चौथा तिला 'आधी खरं प्रोग ऐक' असं सुनावतो. ती पुन्हा बोलत नाही. पुढच्या वेळी तीही पाढा म्हणते, 'सीन्स' एक नंबर. त्या चौथ्यानं 'फॉलिंग' सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा तरी ऐकलाय का, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

पहिल्या अल्बमबद्दल थोडक्यात. त्याचा आवाज पातळ आहे हे खरं. पण 'डॉमिनिचीचा आवाज शोभत नाही' हे वाक्य लोक लाब्रीला दहा वर्षं ऐकून मग म्हणतात. 'द यत्से जॅम'मध्ये तर गायकच नाही (नाव उलटं वाचा, 'मॅजेस्टी' निघेल), त्याचा तरी राग डॉमिनिचीवर काढू नका. २००४मध्ये बँडनं हा अल्बम पूर्ण वाजवला तेव्हा त्याला पाहुणा म्हणून मंचावर बोलावलं होतं. २०२३मध्ये तो वारला, तेव्हा ज्यांनी श्रद्धांजलीची स्टेटस ठेवली त्यांच्यापैकी कितींच्या यादीत हा अल्बम आकड्यानिशी असतो, आणि किती जण 'तो धरायचा नाही' म्हणतात?

तर या आठवड्यात एवढं करा. 'फॉलिंग इंटू इन्फिनिटी' लावा, फोन उलटा ठेवा आणि 'न्यू मिलेनियम'पासून 'ट्रायल ऑफ टिअर्स'पर्यंत ऐका. मधलं 'यू नॉट मी' पुढे ढकललंत तरी चालेल. मीही ढकलतो.