शागिर्द उस्ताद होतो तेव्हा

पालकांच्या तोंडून एक वाक्य नेहमी ऐकू येते : "इतकी वर्षे मैदानावर घालवली आणि शेवटी नावाजलेला खेळाडू काही झाला नाही. मेहनत फुकट गेली." खरेच फुकट जाते का? आज अमेरिकेतल्या एका गोल्फ प्रशिक्षकाची हकीकत सांगते.

ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर नावाचे गाव आहे. तिथल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा गोल्फ संघ देशभर नावाजलेला. १९९५ साली या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. समोर स्टॅनफर्ड विद्यापीठ होते आणि त्यांच्या संघात होता टायगर वुड्स. दोन्ही संघांचे गुण बरोबरीत सुटले आणि जादा खेळात ओक्लाहोमा स्टेट जिंकले. त्या विजयी संघात शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी होता, ॲलन ब्रॅटन.

पुढे ब्रॅटन काही वर्षे व्यावसायिक गोल्फ खेळले. टायगर वुड्सचे नाव जगभर झाले, ब्रॅटन यांचे झाले नाही. मग ते आपल्याच विद्यापीठात परतले, तेही थेट मोठ्या खुर्चीवर नव्हे. आधी सहायक प्रशिक्षक, मग काही काळ मुलींच्या संघाचे प्रशिक्षक आणि २०१३ मध्ये ज्या संघातून खेळले त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक.

ही वाट त्यांच्या उस्तादांनीच आधी चालून दाखवली होती. माइक होल्डर हेसुद्धा याच विद्यापीठाचे खेळाडू. १९७३ मध्ये आपले गुरू लॅब्रॉन हॅरिस यांच्याकडून त्यांनी संघ हाती घेतला आणि २००५ पर्यंत सांभाळला. या ३२ वर्षांत संघाने आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

आता कुणी विचारेल, चांगला खेळता आले की शिकवताही येतेच ना? येतेच असे नाही. खेळताना स्वतःचा एकच चेंडू सांभाळायचा असतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत मात्र पाच जण उतरतात आणि साधारणपणे त्यांतल्या चौघांचे चांगले गुण धरले जातात. त्या पाच जणांत कुणाला घ्यायचे आणि कुणाला घरी ठेवायचे, हे प्रशिक्षकाने ठरवायचे. वगळलेल्या मुलाची उमेदही टिकवायची. शिवाय अनेक वर्षे असा नियम होता की मुलांच्या संघाला मिळून साडेचारच शिष्यवृत्त्या. त्या सगळ्यांत वाटायच्या म्हणजे प्रत्येक घराशी हिशेबाचे बोलणे आले. त्यात ही मुले विद्यार्थी, अभ्यास सुटून चालत नाही. शाळेत वर्ग सांभाळणाऱ्याला हे काम लगेच ओळखू येईल.

स्वतः अडखळलेला माणूस इथे उपयोगी पडतो. फटका का चुकला, चुकल्यावर मन कुठे जाते, हे त्याला आतून ठाऊक असते.

२०१८ मध्ये ब्रॅटन यांच्या संघाने घरच्या मैदानावर अलाबामा विद्यापीठाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. त्या संघात नॉर्वेचा व्हिक्टर हॉवलंड होता. तो आज जगातल्या मोठ्या गोल्फपटूंत गणला जातो. २०२५ मध्ये व्हर्जिनियाला हरवून संघ पुन्हा विजेता झाला.

गोल्फ आपल्या वस्तीत कुणी खेळत नसेल, पण क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल खेळणारी मुले-मुली घरोघरी आहेत. त्यांच्यासाठीही ही वाट खुली आहे. पदवीनंतर बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक होता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा रीतसर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी साधारणपणे पदवी लागते, म्हणून खेळासाठी शिक्षण सोडू देऊ नका. आणि खेळ सुटलेला मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी गल्लीतल्या लहान मुलांना चेंडू धरायला शिकवत असेल, तर "रिकामटेकडेपणा" म्हणून हाक मारून घरात बोलावू नका. थोडा वेळ उभे राहून बघा. लहान मुले त्याचे ऐकत असतील, तर त्याचा मार्ग तिथूनच सुरू झालेला असेल.