तिसऱ्या रात्री निघून जाणारा रुग्ण



"स्वतःच्या हाताने सुई टोचून घेतली ना? मग भोगू दे." हे वाक्य बाजारात ऐकले असते तर एवढे लागले नसते. ते मी उपासनेनंतर आपल्याच चर्चच्या अंगणात ऐकले, आणि भोवतीच्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. एकाने लगेच गलतीकरांस पत्रातले पेरणी-कापणीचे वचन काढले. वचन खरेच आहे. पण ते दुसऱ्याच्या खाटेवर पाटीसारखे टांगायला दिलेले नाही.

आधी आजार काय तो समजून घेऊ. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर काही जंतू राहतातच. नशेच्या सुईबरोबर ते थेट रक्तात शिरतात. कधी हातावर मोठे गळू होते, कधी जंतू हृदयाच्या झडपेवर घर करतात. उजव्या झडपेवरून सुटलेले तुकडे फुप्फुसात अडकतात. मग ताप, खोकला, छातीत कळा, आणि घरचे आधी टीबीच धरून बसतात. डाव्या बाजूचा तुकडा मेंदूकडे गेला तर लकवा. यावर उपाय आहे: शिरेतून अँटिबायोटिक, बहुधा चार ते सहा आठवडे. अर्धवट सोडले तर जंतू पुन्हा उसळतात.

चार ते सहा आठवडे! इथेच सगळे अडते. ब्राउन शुगरची सवय लागलेल्या शरीराला ती मिळाली नाही की आठ-बारा तासांत हाडे ठणकू लागतात. नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, अंगावर काटा, डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शिगेला पोहोचते. वॉर्डात त्यावर काहीच दिले नाही तर माणूस उठून जातो. मी भेटीला जातो त्या एका रुग्णालयात असा एक तरुण होता. वेदनेने विव्हळला की "नाटकं करतो" असे म्हणत. तिसऱ्या रात्री तो हातातल्या सलाइनच्या सुईसकट निघून गेला. फाइलवर शेरा पडला, "सल्ल्याविरुद्ध गेला". लोक म्हणाले, यांना बरे व्हायचेच नसते. मी म्हणतो, तो गेला नाही, त्याला घालवला. तापावर औषध दिले आणि तडफडीवर दिले नाही, तर त्याला उपचार कसे म्हणायचे?

तडफडीवरही औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात. मेथाडोन हे दुसरे औषध. आपल्या देशात एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून ही औषधे काही केंद्रांवर मोफत मिळतात. ती वॉर्डात मिळाली की माणूस खाटेवर टिकतो, आणि टिकला की अँटिबायोटिक पुरे होते. यावर आपले लोक म्हणतात, ही तर नशेच्या बदली नशा. डॉक्टरांनी मोजून दिलेली, धुंदी न आणता तडफड थांबवणारी मात्रा आणि गल्लीतली पुडी ज्यांना सारखीच वाटते, त्यांनी इन्सुलिनही बंद करायला सांगावे. तेही रोजच घ्यावे लागते.

आणि भेदभाव तर पाहा. गुटखा खाऊन तोंडाचा कर्करोग झालेल्यासाठी आपण वर्गणी काढतो. (काढावीच.) त्या वेळी पेरणी-कापणी कोणालाच आठवत नाही. सुईवाल्यापाशी मात्र आपण सगळे शास्त्री होतो. वर हे विसरतो की आपल्या माळव्यातच, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते; हा कुठल्या परक्या मुलखाचा रोग नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आली.

बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस अडतीस वर्षे पडून होता. प्रभूने त्याला आधी उठवले. पापाविषयीचा इशारा नंतर, मंदिरात भेटल्यावर दिला. आपण क्रम उलटा करतो. यरीहोच्या वाटेवर लुटारू असतात हे सगळ्यांना ठाऊक होते, शोमरोन्याने जखमीला "एकटा का निघालास?" असे विचारले नाही. त्याने उतारशाळेचे पैसे भरले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. म्हणजे लांबणाऱ्या उपचाराची जबाबदारी घेतली. मलमपट्टी करून पळाला नाही.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडले. पुढे त्याच मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीही मिशनचे रुग्णालय झाले, ज्यांना गाव शिवत नसे त्यांच्यासाठी. मणिपुरात १९९० च्या आसपास सुईतून एचआयव्ही वणव्यासारखा पसरला, तेव्हा चुराचांदपूरला एमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या ख्रिस्ती संस्थेने "शालोम" नावाने काम उभे केले आणि स्वच्छ सुया वाटल्या. आपण मिरजेचे नाव अभिमानाने घेतो आणि वॉर्डातल्या त्या कोपऱ्यातल्या खाटेला वळसा घालतो.

कायदाही आपल्या पुढे गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजारात धरले आहे. म्हणून मंडळीतल्या डॉक्टर आणि नर्स भगिनींना मी हात जोडून विचारतो: असा रुग्ण दाखल झाल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या तडफडीचे औषध लिहायला आणि त्यासाठी मनोविकार विभागाला बोलावायला काय अडते? अडत असेल तर सांगा. पाळकसाहेबांना घेऊन आपण अधीक्षकांना भेटू.

बाकीच्यांसाठी काम साधे आहे. पहिल्या तीन रात्री खाटेपाशी कोणीतरी बसायला हवे. पाणी द्यायचे, अंग पुसायचे, नर्सला हाक मारायची. उपदेश करायचा नाही. नावे पुढच्या रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे द्या. घरात कोणी अडकले असेल आणि आम्हांला सांगायची लाज वाटत असेल, तर १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तिथे नाव सांगावे लागत नाही.