कचरा आलाय!

आपल्याकडे गाडीच्या सर्व रोगांवर एकच निदान आहे : "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय!" सुरू होत नाही? कचरा. पिकप नाही? कचरा. मिसिंग मारते? कचराच! त्यासाठी मेकॅनिकही लागत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली की जमणाऱ्या चौघांपैकी तिघं हेच सांगतात. चौथा "पेट्रोल आहे ना?" म्हणून विचारतो. त्यातल्या त्यात तोच शहाणा.

माझं भांडण कचऱ्याशी नाही. कचरा येतो, मान्य. भांडण आहे ते न बघता बोलण्याशी. प्लगच्या वायरकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल पंधरा-वीस हजार व्होल्ट करते, आणि ते प्लगपर्यंत पोचवते ती ही करंगळीपेक्षा बारीक वायर. इंजिनाच्या धगीनं तिचं वेष्टण तडकलं, की वीज प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही. वाटेतच इंजिनाच्या अंगावर उडी मारते. सरकारी अनुदानाचं तरी दुसरं काय होतं?

बरं, वायर बिचारी लक्षणंही सांगत असते. पावसात मिसिंग आणि ऊन पडलं की ठणठणीत? ओलाव्यानं विजेला चोरवाट मिळते आहे. सपाटीवर सुतासारखी सरळ आणि खंबाटकीच्या चढावर ठसका? चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मग वीज सोपी वाट धरते.

माझ्या जुन्या चारचाकीची एका पावसाळ्यात गॅरेजवाल्यांनी अशीच सेवा केली. कार्बोरेटर साफ केला, चारही प्लग बदलले, पॉइंट बदलले. बदलला नाही तो फक्त आजार. शेवटी कोपऱ्यावरचे एक म्हातारे मिस्त्री रात्री आले. "साहेब, तेवढा दिवा घालवा," म्हणाले. इंजिन चालू ठेवून, हात लांब राखून, त्यांनी वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचू लागल्या. "बघा साहेब, तुमची दिवाळी!" खर्च किती? वाटीभर पाणी आणि एक वायर!

"अहो, आता कुठल्या वायरी? नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असते, दोष कॉम्प्युटर सांगतो," असं कुणी म्हणेल. सांगतो ना! 'पी ०३०२' म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. पण का, ते सांगत नाही. तिथं दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड 'पी ०३०३' झाला तर चोर कॉइल, नाही तर प्लग किंवा इंजेक्टर तपासा. पाच-दहा मिनिटांचं काम! पण ती कुणाला आहेत? "साहेब, सेटच बदलून टाकू!"

बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. डोकं दुखतं म्हणून डॉक्टर डोकं बदलत नाहीत. दोष शोधणं हीच मेकॅनिकची विद्या. ती गेली की उरतं ते पार्ट विकण्याचं दुकान. माझी मागणी साधी आहे : बिलावर पहिला रकाना निदानाचा हवा, आणि बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. निदानाचे पैसे मी हसत मोजीन. अंदाजाचे मात्र ज्याचे त्यानं भरावेत!